हिरकणी कक्षाची किल्ली

मंगळवार होता, साडेअकराचा सुमार. महिनाअखेरीचा ताळमेळ बसत नव्हता, दोन पार्ट्यांची बिलं अडकली होती आणि समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. रजेवरून परतून तिला जेमतेम आठवडा झाला होता. हातात एक काळी, चेन लावलेली पिशवी. लॅपटॉपची म्हणावी तर लहान, डब्याची म्हणावी तर मोठी. "मॅम, त्या रूमची किल्ली तुमच्याकडे असते का?" मी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "कुठल्या रूमची?" ती जरा थांबली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "हिरकणी कक्षाची." म्हणजे तान्ह्या बाळांच्या आयांना दूध पाजायला, काढायला म्हणून राखलेली खोली. आमच्या ऑफिसात बायकांचं म्हणून जे काही असतं ते फिरून माझ्याच टेबलावर येतं. पॅडचं मशीन बंद पडलं, वॉशरूमची कडी तुटली, आठ मार्चला गुलाब कुणी आणायचे, सगळं माझ्याकडे. वयाने सगळ्यांत मोठी असण्याचा हा पगाराबाहेरचा भाग. मी म्हटलं, "माझ्याकडे नाही गं. अ‍ॅडमिनला विचार." आणि मग, का कोण जाणे, हसत हसत वर जोडलं, "आमच्या वेळी हे असलं काही नव्हतंसुद्धा."

तीही हसली. मान डोलावली आणि गेली.

पंधरा-वीस मिनिटांनी मी पाणी प्यायला उठले तेव्हा ती वॉशरूममधून बाहेर येत होती. तीच काळी पिशवी छातीशी धरलेली. चेहरा धुतलेला, कानापाशी पाण्याचे थेंब. आमच्या नजरा भेटल्या आणि दोघींनीही पटकन काढून घेतल्या. त्या वॉशरूममध्ये फिनेल मारतात. त्याचा तो उग्र, नाकात बसणारा वास दार उघडल्याबरोबर माझ्याकडे आला आणि मी पाण्याचा ग्लास हातात धरून तशीच उभी राहिले. हा वास मला ओळखीचा होता. नुसता ओळखीचा नाही, माझ्या अंगातून गेलेला होता.

1999 साल. फोर्टातलं ऑफिस, घर डोंबिवलीला. तेव्हा कायद्याने 12 आठवडे रजा मिळायची, म्हणजे 84 दिवस. पोट अवघडल्यावर त्यातले दोन आठवडे आधीच खर्ची पडले. उरलेल्या सत्तर दिवसांचा हिशेब मी कॅलेंडरवर फुल्या मारून ठेवला होता. अकाउंट्सवाली ना! लेक अडीच महिन्यांची असताना मी पुन्हा सात बावन्नची गाडी धरली. पहिल्या दिवशी साधारण दादरच्या पुढे मला कळलं की शरीराला मस्टर समजत नाही. घरी नऊ वाजता दूध पाजायची सवय; नऊ वाजता पान्हा फुटला. जुन्या धोतराच्या घड्या करून आत ठेवल्या होत्या, त्या अकरापर्यंत चिंब. वरून ओढणी, ओढणीवर फाइल धरून मी साहेबांसमोर उभी. दुपारपर्यंत छाती दगडासारखी व्हायची, कढत, हात लावला तरी डोळ्यांत पाणी. मग बायकांच्या संडासात जायचं, बेसिनशी वाकायचं आणि हाताने पिळून दूध काढायचं. फ्रिज नव्हता, बाटलीत घालून ठेवायची सोय नव्हती, तशी काही सोय असू शकते हेही माहीत नव्हतं. ते पांढरं दूध बेसिनच्या पिवळट भोकातून खाली जाताना बघत राहायचं. पहिले काही दिवस रडू यायचं. मग नळ सोडायची युक्ती सापडली, म्हणजे बघावं लागत नाही.

त्या संडासाच्या दाराला कडी होती, पण ती कुणी जोरात ढकललं तर निसटायची. आमच्या मजल्यावर झाडू-पोछाला एक मावशी होत्या. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी त्यांनी मला तशी वाकलेली पाहिलं. काही बोलल्या नाहीत. बादली उचलली, बाहेर गेल्या आणि दारातच आडवा झाडू धरून उभ्या राहिल्या. कुणी आलं की बाहेरून आवाज यायचा, "थांबा बाई, फरशी ओली हाय." फरशी कोरडी ठणठणीत असायची. त्यानंतर जवळजवळ तीन महिने, रोज एक वाजता, फरशी ओली असायची.

या मावशींचं मला पुढे फार आठवत राहिलं. जालन्याकडच्या. दुष्काळात नवऱ्याबरोबर मुंबईला आलेल्या, आधी बिल्डिंगच्या कामावर, मग कुणाच्या तरी ओळखीने साफसफाईला. त्यांची दोन पोरं बांधकामावर वाढली. दोन बांबूंना लुगड्याची झोळी बांधायची, पाट्या वाहता वाहता येताजाता एक हेलकावा द्यायचा. मुकादम शिव्या घालायचा तो झोळीकडे जाण्याबद्दल नाही, थांबण्याबद्दल. "जाताना झोका दिला तर चालतंय, उभं राह्यलं की खाडा." धाकट्याच्या वेळी मात्र एका साइटवर पत्र्याच्या खोलीत 'शाळा' होती म्हणायच्या. तिथे बायका यायच्या, पोरांना आंघोळ घालायच्या, केळं द्यायच्या, गाणी म्हणायच्या. नाव त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे वाचनात आलं की 1969 मध्ये दिल्लीत राजघाटाशेजारच्या बांधकामावर मातीत लोळणारी पोरं बघून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर मांडलं, त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली आणि काही वर्षांत तिचं काम मुंबईच्या साइट्सवरही पोचलं. मावशींची पत्र्याची शाळा बहुधा त्यातलीच असावी, किंवा तशाच कुणाची. "त्या येळेला दोन्ही हातांनी काम केलं बघा," मावशी म्हणाल्या होत्या. मला तेव्हा ते वाक्य साधं वाटलं. एक हात सतत झोळीकडे ठेवून आपण अर्ध्या हाताने आयुष्य काढतो हे कळायला मला पुढची दोन वर्षं लागली.

माझ्या लेकीची झोळी म्हणजे डोंबिवली पूर्वेचं एक पाळणाघर. चाळीतल्या दोन खोल्या, काकू आणि त्यांची सून, अकरा पोरं. भिंतीला हाताच्या उंचीपर्यंत तेलकट पट्टा, आणि सगळीकडून मऊ वरणभात, जॉन्सनची पावडर आणि वाळत घातलेल्या लंगोटांचा मिळून येणारा एक वास. साडेसातपर्यंत मूल न्यायचं, पुढे अर्ध्या तासाला दहा रुपये. दहा रुपयांचं काही नव्हतं. पण काकू वहीत लिहायच्या, "आई उशिरा, 7.50", आणि ती 'आई उशिरा' अक्षरं महिन्याच्या शेवटी हिशेबात एकाखाली एक दिसायची. बाप कधी उशिरा नव्हता, कारण बाप आणायला जातच नव्हता. वाईट माणूस नव्हे हो, भांडुपच्या कंपनीत शिफ्ट होती. लेक झाली तेव्हा त्याने दोन दिवस कॅज्युअल काढली आणि तिसऱ्या दिवशी लोकांनी पेढ्यांबद्दल त्याचं अभिनंदन केलं.

एकदा पावसात आमची फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यात थांबली. आत दिवे गेलेले, पंखे बंद, बायकांच्या घामाचा आणि ओल्या छत्र्यांचा वास, कुणाच्या तरी पिशवीतून मेथीचा. पाऊण तास. अंधारात माझा पान्हा सुटला आणि मी दोन्ही हात छातीवर घट्ट आवळून उभी. शेजारची, जिचा चेहराही मला दिसत नव्हता, तिने कानाशी येऊन विचारलं, "किती महिन्यांचं?" मी म्हटलं, "चार." तिने मागे वळून काहीतरी सांगितलं, कुजबूज पुढे सरकली आणि त्या खच्चून भरलेल्या डब्यात खिडकीशी एक माणूस बसेल एवढी जागा झाली. पाठमोऱ्या चौघीजणी भिंत करून उभ्या राहिल्या. रुमालात जेवढं काढता आलं तेवढं काढलं. पाळणाघरात पोचले तेव्हा लेक माकडटोपी घालून काकूंच्या मांडीवर झोपलेली होती. वहीत 8.40 लिहिलेलं. त्या दिवशीचे तीस रुपये काकूंनी घेतले नाहीत.

तर "आमच्या वेळी हे नव्हतं" या वाक्यात एवढं सगळं होतं. पण बाहेर पडताना ते काय होऊन पडलं? माझ्या सासूबाई मिक्सर लावला की म्हणायच्या, "आमच्या वेळी पाटा होता." त्यात पाट्याचं दुःख कधीच नव्हतं, मिक्सरचा राग होता. तसाच माझा. आणि तो राग खोटाही नव्हता, हेच टोचतं. तिच्या सहा महिन्यांत तिच्या जागी कुणी घेतलं नाही. तिची अर्धी कामं माझ्यावर आली, उरलेली दोन पोरांवर. जीएसटीच्या तारखा, ऑडिट, रात्री साडेआठला उतरत्या लिफ्टमध्ये आमच्यातला एकजण म्हणाला, "आपण पण काढू या मॅटर्निटी," आणि मी हसले. हसायला नको होतं. बदली माणूस न घेणारा केबिनमध्ये बसलेला होता, पण आमचा राग बाळंतिणीच्या रिकाम्या खुर्चीवर निघत होता. खुर्ची समोर दिसते ना.

2017 मध्ये रजा 26 आठवड्यांची झाली तेव्हा मी मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या. पहिल्या दोन मुलांना 26, तिसऱ्याला पूर्वीसारखेच 12. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात दोनदा पाजायला सुट्टी हे तर 1961 च्या मूळ कायद्यातही होतं, जे मला लेक कॉलेजात गेल्यावर कळलं! आधी कळूनही उपयोग काय होता म्हणा. फोर्टातून डोंबिवलीला पाजायला जाऊन येण्याएवढी मोठी सुट्टी कुठलाच कायदा देत नाही. आमच्या ऑफिसने पाळणाघराची सोय केलीय, कागदावर. ऐरोलीतच, चार सेक्टर पलीकडे एका पाळणाघराशी करार आहे. जायला रिक्षाने वीस मिनिटं, संध्याकाळी रिक्षा मिळाली तर. चार वेळा जाऊन यायचं म्हटलं तर पोरगी दिवसभर रिक्षातच बसेल.

आणि खर्च. ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, बसणाऱ्या कमी पगाराच्या बायका सोडल्या तर या 26 आठवड्यांचा सगळा पगार मालकाने द्यायचा, सरकार त्यात काही घालत नाही. मग मुलाखतीत लग्न झालेल्या मुलीला "घरी कोण कोण असतं?" असं प्रेमाने विचारलं जातं. मी त्या पॅनेलवर बसलेली आहे. प्रश्न मी विचारलेला नाही, पण उत्तर ऐकून वहीत टिकही मीच केलीय. 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं होतं, त्यावरचं बाबासाहेबांचं भाषण मी मागे वाचलं. त्यांचं म्हणणं असं की हा भार खरं तर बराचसा सरकारनेच उचलायला हवा, लोकांचं कल्याण ही त्याची जबाबदारी आहे. पण मालकही यातून सुटत नाही, कारण बाईला कामावर ठेवतो ते त्यात त्याचा फायदा असतो म्हणून. पुढच्या वर्षी, 1929 ला, तो कायदा झाला. शंभर वर्षं होत आली. मालकाचा वाटा कायद्यात आला, सरकारचा वाटा कुठल्या खात्यात अडकलाय कोण जाणे.

मधल्या मध्ये एक सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी आमच्या मजल्यावरची हाउसकीपिंगची मुलगी, बावीस-तेवीसची, सातव्या महिन्यात यायची बंद झाली. कंत्राटदाराने दुसऱ्या दिवशी दुसरी पाठवली. तिचा फॉर्म कुणी भरला नाही, तिची खुर्ची नव्हतीच त्यामुळे रिकामीही दिसली नाही. रोजंदारीवरच्या बायकांनाही बाळंतपणाचा लाभ द्यावा लागेल असं सुप्रीम कोर्टाने दिल्ली महापालिकेच्या खटल्यात 2000 सालीच सांगून ठेवलंय. मला हे माहीत होतं. तिला फोन करावा असं दोन-तीनदा मनात आलं. नंबर कंत्राटदाराकडे होता.

आता ते नाव. एसटी स्टँडवर, सरकारी कचेऱ्यांत, अगदी विधानभवनातही हिरकणी कक्ष असतो. विधानभवनातल्या कक्षात किती धूळ आहे हे 2023 च्या अधिवेशनात बाळाला घेऊन आलेल्या आमदार सरोज अहिरे यांनी डोळ्यांत पाणी आणून दाखवलं होतं. मी एका स्टँडवर या खोलीची किल्ली मागितली होती, भाचीसाठी. कंट्रोलर म्हणाले, वाहतूक निरीक्षक जेवायला गेलेत, किल्ली त्यांच्या खिशात. मूल तर रडत होतं. भाचीने शेवटी उसाच्या रसाच्या गुऱ्हाळामागे पाठ फिरवून पाजलं. घुंगरांच्या तालावर प्यायलं ते पोर.

हिरकणीची गोष्ट मी लेकीला शंभरदा सांगितली असेल. कोजागिरी, दूध विकायला गडावर आलेली गवळण, सूर्य मावळताच बंद झालेले दरवाजे, खाली वाडीत तान्हं बाळ. ती कडा उतरते. महाराज तिला साडीचोळी देतात आणि त्या जागी बुरूज बांधतात. लेक पाच वर्षांची असताना तिने विचारलं होतं, "बुरूज कशाला बांधला?" मी म्हटलं, "तिच्या आईपणाच्या सन्मानासाठी." आणखी विचारलं, "मग पुन्हा ती अडकली तर?" मला उत्तर आलं नाही. बुरूज म्हणजे ती वाट बंद. ते बरोबरच होतं, तो गड होता. जिथून बाई उतरते तिथून शत्रू चढतो, आणि दरवाजे वेळेवर लागलेच पाहिजेत.

आमचं ऑफिस काही गड नव्हे.

पण आम्हाला कडा उतरणारीच आवडते. सहाव्या आठवड्यात लॅपटॉप उघडणारी, कुशीत पोर घेऊन कॉल घेणारी. तिच्या नावाने टाळ्या. मलाही मिळाल्या होत्या, 2001 च्या वार्षिक समारंभात, "घर सांभाळून", आणि तेव्हा मला त्या गोड लागल्या. त्यातल्या एकानेही कधी विचारलं नाही की दरवाजा किती वाजता लावता. याच्या उलट, रोजगार हमीच्या 2005 च्या मूळ कायद्यात नियम होता की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त पोरं असतील तर त्यांना बघायला एका बाईला नेमायचं आणि तिलाही इतरांइतकीच मजुरी द्यायची. हा नियम माझ्या फार आवडीचा. किती ठिकाणी पाळला तो भाग सोडा. पण पोरं बघणं हे खणण्याएवढंच काम आहे असं शासनाच्या भाषेत कुठेतरी लिहिलेलं होतं, आणि त्यात कडा, चंद्र, साडीचोळी असलं काही नव्हतं. फक्त मजुरी.

बुधवारी सकाळी मी किल्ली शोधायला निघाले. अ‍ॅडमिन म्हणालं सिक्युरिटीकडे, सिक्युरिटी म्हणाला पँट्रीत. पँट्रीतल्या पोराने सांगितलं, "मॅडम, ती गणपती कमिटीकडं असते." कमिटीचे खजिनदार आमच्याच डिस्पॅचला. त्यांनी खणातून दोऱ्यात ओवलेली किल्ली काढून दिली आणि काळजीने म्हणाले, "आत मखर आहे हं, जपून." दार उघडलं. थर्माकोलवर बंदी आल्यापासून आमचं मखर पुठ्ठ्याचं आहे. ते, चमकीच्या झिरमिळ्या, मोडक्या चाकाच्या तीन खुर्च्या, 2014 पासूनची व्हाउचर्स आणि भिंतीवर आई-बाळाचं चित्र. चित्राखाली उद्घाटनाचा फोटो अजून चिकटवलेला. आठ मार्च, लाल रिबीन, कात्री माझ्या हातात.

खजिनदारांना घेऊन दुपारपर्यंत सगळं हलवलं. व्हाउचर्स माझ्या केबिनमागे आली, एक धड खुर्ची आली, प्लग चालतो का ते बघितलं. फ्रिजमध्ये दुसऱ्या कप्प्यावर तिच्या बाटलीला जागा केली, कुणाचं तरी कवडीदह्याचं भांडं सरकवून. मग तिला बोलावलं. "सॉरी" म्हणायचं ठरवून ठेवलं होतं, पण तोंडातून आलं ते, "पंखा जरा आवाज करतो." ती आत गेली, दार लावायला वळली आणि थबकली. दाराला बाहेरून कोयंडा होता, कुलूप होतं, किल्ली होती. आतून कडीच नव्हती. ज्यांनी खोली बनवली त्यांनी ती सामानाची असते तशी बनवली होती. मी सुताराला फोन लावला. तो म्हणाला, शनिवारी येतो.

"जा तू आत," मी म्हटलं.

लेजरचे कागद हातात घेऊन मी दाराला पाठ लावून उभी राहिले. आतून मशीनची बारीक घरघर सुरू झाली, घरच्या शिवणयंत्रासारखी. कॉरिडॉरमधून सेल्सचा पोरगा आला, खोलीकडे वळू लागला, बहुधा झिरमिळ्या न्यायला. मला बघून थांबला. "मॅम, इथे काय करताय?"

"थांब जरा," मी म्हटलं. "फरशी ओली आहे."